अहिराणीतलं कुलूप

हेमकांतने राउटरची पिन भिंतीतून उपटली. हिरवे दिवे विझले. लॅपटॉपवरच्या ओळी मात्र तशाच राहिल्या. कोड लिहायला मदत करणाऱ्या एआय सहायकाने काम संपवून कळवले होते: पासवर्ड सापडला, डेटाबेस जोडला, खात्रीसाठी पाच नोंदी वाचून पाहिल्या. खाली पाच नावे होती. प्रत्येक नावापुढे पाडा, वय आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अहवाल.

त्याने पासवर्ड दिलाच नव्हता.

सारंगखेड्याच्या घरात बसून तो मोलगीच्या एका धर्मादाय दवाखान्याचे सॉफ्टवेअर सांभाळत असे. ते त्याने आणि त्याची बायको दीपमाला हिने मिळून बांधले होते. ती पाड्यांवर जाऊन माणसांशी बोलायची, त्यांची माहिती घ्यायची. तो घरी कोड लिहायचा, ती आली की दोघे तपासायचे. फाल्गुनात दीपमाला वारली. तेव्हापासून काम साचत गेले. नेहमीच्या सहायकाची रोजच्या वापराची मर्यादा भर दुपारी संपायची, म्हणून हेमकांतने त्या सहायकामागे एक बाहेरचे मॉडेल, म्हणजे विचार करणारा दुसरा मेंदू, जोडून दिले. कुणा मध्यस्थाचे होते. स्वस्त होते आणि मराठी बरे समजत होते. ते कोण चालवते, आपण पाठवलेले कुठे साठते, हे त्याच्या वेबसाइटवर लिहिलेले नव्हते. त्यानेही शोधले नव्हते.

तो पडद्यावर वर वर सरकत गेला. सहायकाने सगळे फोल्डर वाचले होते. एका फाइलमध्ये कोडच्या मध्येच पासवर्डसाठी दीपमालाची अहिराणी टीप होती: 'आहो, इसरनात ते, मन्हा माहेरनी गायनं नाव, त्याना फुडे मोलगीना पिनकोड.'

हे लिहिताना ती हसली होती. अहिराणी कोनत्या मशीनले समजस, म्हणाली होती. त्यालाही ते पटले होते. गायीचे नाव टिपेत नव्हते. पण चाचणीसाठी खोटा रुग्ण लागला की दीपमाला दर वेळी एकच नाव टाकायची, गोदी. मशीनने ते हुडकून काढले होते.

त्याने मोबाइलवरून नवनीतला फोन लावला. नवनीत दीपमालाचा धाकटा भाऊ, नाशिकला एका कंपनीत हेच काम करायचा. हेमकांतने सगळे सांगितले.

"आमनी गोदी?" नवनीत म्हणाला आणि हसला. 

"दाजी," तो पुढे म्हणाला, "सहायक तुमना घरमा शे, पण डोकं दुसरानं शे. जे त्याले दखाडं, ते त्या डोकाकडे गयं."

मग तो एकेक गोष्ट सांगत गेला आणि हेमकांत करत गेला. मध्यस्थाच्या मॉडेलला जोडणारी डिजिटल चावी मोबाइलवरून रद्द केली, मग राउटर पुन्हा लावला. न विचारता काही चालवायची सहायकाची परवानगी काढून घेतली. खऱ्या रुग्णांची माहिती त्या फोल्डरमधून सहायकाचा हात पोहोचणार नाही अशी दूर नेली. पासवर्ड बदलला. आता ती टीप पुसायची राहिली. हेमकांतचे बोट बटणावर थांबले. नवनीतला ते दिसत नव्हते, पण त्याने घाई केली नाही. शेवटी हेमकांतने टीप पुसली.

"आणि ती पाच नावं?"

"ती परत येत नहीत, दाजी. पण कोनले कळाव नही. बहुतेक काहीच व्हवाव नही."

फोन ठेवल्यावर हेमकांत पाचही नावे पुन्हा वाचत बसला. चार जण संसारी, वयाने मोठे होते. पाचवी सोनम. तिचे लग्न ठरत आले होते हे त्याला दवाखान्यातूनच कळले होते. अहवाल सासरच्या कानावर गेला तर ते मोडेल. ही नावे कुठे बाहेर आली आहेत का, ते इंटरनेटवर पाहावे म्हणून त्याने सोनमच्या नावाची दोन अक्षरे टाइप केली आणि लगेच खोडली. शोधायला गेलो तर नाव आणखी एका ठिकाणी जाईल. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही. दर थोड्या वेळाने तो राउटरकडे बघत राहिला.

सकाळी त्याने दवाखाना चालवणाऱ्या रमिलाबाईंना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"कोणाला सांगितलं त्या मशीननं?"

"माहीत नाही."

"मग मी लोकांना काय सांगू? तुम्ही या, भाऊ. बाजाराच्या दिवशी सगळे पाड्यांवरून खाली उतरतात."

बाजाराच्या दिवशी तो जीपने घाट चढून मोलगीला पोहोचला. रमिलाबाईंनी आतल्या खोलीचे दार लावून एकेकाला बोलावले. हेमकांत उभा राहूनच बोलला. वाटेत जुळवलेली लांबलचक वाक्ये तो मराठीत म्हणायचा आणि रमिलाबाई त्यांचे तिथल्या पावरी बोलीत दोनच शब्द करायच्या. दोन बायांनी गोळ्या बंद होणार का एवढेच विचारले. एक माणूस वाक्य पुरे व्हायच्या आत उठून निघून गेला, आणि ते हेमकांतला जास्त लागले. म्हातारा दिवाल्या मात्र हसला. त्या मशीनला सांगा, म्हणाला, नाव नेलंच आहेस तर माझ्यासाठी एखादी बायकोही बघ.

शेवटी सोनम आली. बाकावर बसून तिने सगळे ऐकले, हातातली पिशवी खाली न ठेवता. मग रमिलाबाईंकडे बघून काहीतरी विचारले. त्यातला 'दीपाबाई' एवढा शब्द हेमकांतला कळला.

हेमकांतने रमिलाबाईंकडे पाहिले.

"काय म्हणते?"

"म्हणते, नाव कुठं जाणार नाही असा शब्द दीपाबाईंनी दिला होता. तुम्ही नाही. त्यांना पाठवा, त्यांच्याशीच बोलेन." रमिलाबाईंनी नजर खिडकीकडे वळवली. "मी इथं कोणाला सांगितलं नाही, भाऊ. ते तुम्ही सांगायचं होतं."

मशीन, चावी, परवानगी, सगळ्यासाठी हेमकांतने वाक्ये तयार करून आणली होती. यासाठी त्याच्याकडे मराठी नव्हते.

"ती ऱ्हायनी नही," तो म्हणाला.

रमिलाबाई पावरीत सांगू लागल्या. सोनमने त्यांना हातानेच थांबवले. पिशवी खाली ठेवली आणि बाकावर थोडी बाजूला सरकली.