आधी मागचे पाय

कोल्हापुरात डायरेक्टर म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं पांढरी गाडी येते आणि मागच्या सीटवर पोट पुढं काढून बसलेला, दूध संघाचा नाहीतर साखर कारखान्याचा, एक गृहस्थ येतो. तिसऱ्या जातीचा डायरेक्टर देवानं या जिल्ह्यात पाठवलाच नव्हता. गंगावेशीतल्या बसाप्पा गवळ्यांच्या मल्लेशनं ती उणीव भरून काढायचं ठरवलं. फक्त हे जिल्ह्याला कुणी कळवलं नाही.

मल्लेश ॲनिमेशनचा डायरेक्टर होता. म्हणजे हलत्या चित्रांचा सिनेमा करायचा. पहिली सात वर्षं त्यानं पुण्यात एका स्टुडिओत काढली. तिथं परदेशातल्या पोरांच्या मालिकेचं काम यायचं आणि त्यात मल्लेशच्या वाट्याला एका अस्वलाचा डावा हात आला होता. सात वर्षं डावा हात! उजवा हैदराबादेत व्हायचा. उजव्यानं काय धरलंय, ते डाव्याला मालिका लागल्यावर कळायचं. एवढा दांडगा अनुभव गाठीला बांधून 'आता आपली स्वतःची फिल्म' म्हणत साहेब घरी परतले, गोठ्यावरच्या माळ्यावर कॉम्प्युटर मांडला आणि पाच वर्षांत अठरा मिनिटांची फिल्म केली. तेवढ्या काळात खालच्या म्हशी तीन-तीनदा व्याल्या, पण अशी तुलना करू नये.

फिल्मचं नाव 'चंद्री'. दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात आणि मोटारसायकलमागं पळवत गावातून मिरवतात. फिल्ममधली चंद्री ऐन मिरवणुकीत भर चौकात बसते ती उठतच नाही. पोलीस येतात, आमदार येतो, बँडवाले येतात, सगळं शहर तुंबतं. शेवटी सगळे दमून गप्प झाल्यावर चंद्री आपली आपण उठते. संपलं. "त्या उठण्यातच सगळं आहे," असं मल्लेश मुलाखतीत सांगणार होता. मुलाखत घ्यायला अजून कुणी आलं नव्हतं, पण वाक्य तयार होतं.

बसाप्पांचं वय एकाहत्तर. रोज सकाळ-संध्याकाळ ते म्हशी दूध कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचे. तिथं कुणी पोराची चौकशी केली की म्हणायचे, "पोरगं डायरेक्टर हाय." कसला, ते सांगायचे नाहीत. मग काय, माळ्याच्या जिन्यावर माणसं यायला लागली. गारगोटीकडचा एकजण दुधाच्या फॅटची तक्रार घेऊन आला. एकाला पोरग्याला संघात चिकटवायचं होतं. जयसिंगपूरचे पावणे तर मुलीचं स्थळ घेऊन आले.

"कुठल्या संघाचं डायरेक्टर म्हनायचं तुमी?"

"सिनेमाचा."

"आरं वा! मग हिरोईन कोण हाय?"

"म्हैस," मल्लेश म्हणाला.

पावण्यांनी पोहे मात्र संपवले. मल्लेश एकोणचाळीस वर्षांचा होऊन अजून बिनलग्नाचा आहे, तो त्यामुळं.

खरं सांगायचं तर त्याचं दुखणं लग्न नव्हतं. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एकदा तरी वाक्य पुरं करावं, चार माणसांत 'सिनेमाचा डायरेक्टर' म्हणावं, एवढीच त्याची हाव होती. परदेशातल्या एका महोत्सवाला फिल्म पाठवायची होती, मुदतीला सहा दिवस होते. पण त्याआधी आप्पांना दाखवायची म्हणून त्यानं तालमीचा हॉल मागून घेतला. वेळ दुपारची, दोन धारांच्या मधली. गवळ्यांना दुसरी कुठली वेळ असते?

वीस-पंचवीस गवळी आले. आप्पा पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर. आमदाराला लोक हसले, बँडवाल्यांना तर टाळ्या पडल्या. 'जमलं गड्या!' मल्लेश मनात म्हणाला. मग चौक गप्प झाला आणि चंद्री उठायला लागली. पुढचा एक पाय टेकला, दुसरा टेकला, छाती वर आली आणि मग मागचं धूड डौलात उभं राहिलं.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. भारावले असावेत, असं मल्लेशला वाटलं. पाच वर्षं माळ्यावर एकटं राहिलं की माणसाला असं वाटतं.

"आयला," कट्ट्यावरचा गुंडू गवळी ओरडला, "घोडं हाय की रं त्ये!"

आणि हॉल फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होती. मल्लेश म्हणाला, ही शैली असते, कलेत स्वातंत्र्य असतं. त्यावर तर आणखीच हसली. आप्पा उठले, टोपी झटकली, "धारंची वेळ झाली," म्हणाले आणि गेले. मल्लेशला तोंडात मारल्यासारखं झालं.

घरी अव्वानं, म्हणजे आईनं, ताटलीत भाकरी वाढता वाढता विचारलं, "कुणाचं बघून काढलंस रं?"

मल्लेशनं पुस्तक दाखवलं. परदेशी, जाड, जगभर मानलेलं. जनावर कसं उठतं याची त्यात बारा चित्रं होती आणि ती घोड्याची होती, कारण त्या लेखकाच्या गावात म्हैस नसणार.

"आणि खाली सा म्हशी हायत की," अव्वा म्हणाली.

खाली सहा म्हशी होत्या, खरंच. एकोणचाळीस वर्षं होत्या. पण मल्लेश गोठ्यातून जायचा तो नाकाला रुमाल लावून, मोबाईलमध्ये बघत. म्हैस आधी मागचे पाय उचलते, पुढचे गुडघे तोवर जमिनीला, हे घरात कुत्र्यालाही ठाऊक होतं. डायरेक्टरला नव्हतं.

बदलायचं ते अकरा सेकंदांचं दृश्य होतं. म्हणजे दोनशे चौसष्ट चित्रं, आणि हातात पाच दिवस. दुसऱ्या दिवशी डायरेक्टरसाहेब प्रथमच रुमालाशिवाय गोठ्यात आले, मोबाईल रोखून एका म्हशीपुढं बसले आणि वाट बघू लागले. म्हैस रवंथ करत राहिली. त्यानं हाकललं, चुचकारलं, पेंड दाखवली. दोन तासांनी त्याला शिंक आली, मोबाईल हलला, तेवढ्यात बाई उठल्या. चित्रणात गोठ्याचं छप्पर आलं.

"काय करालायस?" दारातनं आप्पांनी विचारलं.

"उठताना बघायचंय."

"आनि बघून तुला काय कळनार हाय? ती काय सांगतीया व्हय तुला, वजन कुठं टाकलंय त्ये?" आप्पांनी सदरा काढून खुंटीला लावला. "सर बाजूला."

आणि एकाहत्तर वर्षांचे बसाप्पा गोठ्याच्या फरशीवर म्हशीसारखे बसले.

"बघ. हितं सगळं वजन हाय, छातीवर. आता मान खाली टाकायची, फुडं झोका द्यायचा. झोक्याबिगर मागलं उचलतच न्हाय. ह्ये बघ, आधी मागलं." कंबर वर गेली, हात कोपरापर्यंत जमिनीला. "आता हितं थांबती. लई जनांना वाटतंय, लगेच उठती. न्हाय. गुडघ्यावर थांबती, दम खाती. मग एक पाय."

तिथं आप्पा थांबले. थांबले ते थांबलेच. कपाळाची शीर फुगली.

"आप्पा?"

"गुडघा धरला."

मल्लेश मोबाईल टाकून पुढं झाला.

"हात लावू नगंस!" आप्पा खेकसले. "त्ये यंतर धर नीट. धरलास काय?"

"धरलंय."

"मग हां."

किती वेळ गेला, ते चित्रणात आहे. बावीस सेकंद. मान खाली, पाठ थरथरतेय, एक हात सरकला, माघारी आला, पुन्हा सरकला, टेकला. मग दुसरा. मग आप्पा उभे राहिले आणि खुंटीवरचा सदरा घालायला लागले, बटण काही लागेना. मल्लेशला रडू आलं, ते दिसू नये म्हणून त्यानं म्हशीकडं तोंड केलं. एकोणचाळीस वर्षांत आपण म्हैस बघितली नाही, आणि आप्पांनाही बघितलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

अकरा सेकंदांचे बावीस झाले, चित्रं दुप्पट झाली. चार दिवस त्यानं डोळ्याला डोळा लावला नाही. मुदत संपायच्या तासभर आधी फिल्म गेली.

तालमीत फिल्म पुन्हा लावायची, असं या वेळी आप्पांनीच फर्मान काढलं. तीच दुपार, तेच गवळी. हसायची तयारी करूनच आलेले. चौक गप्प झाला. चंद्रीनं मान खाली टाकली. मागचे पाय उचलले. गुडघ्यांवर थांबली. एक पाय सरकला, माघारी आला, पुन्हा सरकला.

कुणी हसलं नाही. चंद्री उभी राहिली तेव्हा गुंडूच हळू आवाजात म्हणाला, "ह्ये तर आपलं बसाप्पाअण्णा हायत की रं."

सगळे पहिल्या रांगेकडं बघायला लागले. आप्पा पडद्याकडं बघत होते. धारेची वेळ झाली, टळूनही गेली, तिकडं गोठ्यांत म्हशी हंबरत होत्या, तरी ते उठले नाहीत.

महोत्सवाचं पत्र महिन्यानं आलं. फिल्म आवडली, पण निवडता येत नाही, असं गोड शब्दांत कळवलं होतं. परीक्षकांचं म्हणणं, म्हशीची हालचाल जनावराची वाटत नाही, फारच माणसासारखी वाटते.

मल्लेशनं ते कट्ट्यावर जाऊन आप्पांना वाचून दाखवलं. आप्पा धार काढत होते. तांब्या घेऊन उभ्या असलेल्या कुरुंदवाडच्या पावण्यानं मल्लेशला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्योच काय तुमचा डायरेक्टर? कुठल्या संघाचा?"

मल्लेशनं नेहमीसारखी मान खाली घातली.

"संघाचा न्हवं, सिनेमाचा," आप्पा म्हणाले, आणि धार न थांबवता वाक्य पुरं केलं. "म्हैस उठवतोय त्यो. माझ्यासारखी."