नख वाढेपर्यंत

रफूमावशींच्या उजव्या अंगठ्याचं नख चिरलं ते सुनेचा डबा उघडताना. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मावशींनी स्वतः ते पुढचे तीन-साडेतीन महिने कुणालाही सांगितलं नाही.

मावशी म्हणजे काही कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हेत. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीशी स्टूल टाकून त्या तीस वर्षं कपडे रफू करत होत्या, म्हणून सगळ्यांच्या रफूमावशी. सिगारेटीने जळलेला कोट असो की खिळ्याला अडकलेला रेशमी स्कार्फ, त्याच कापडाच्या दुमडीतून धागा काढायचा, सुईत ओवायचा, आणि अंगठ्याच्या नखाने एकेक उभा धागा सारत आडवा धागा वरखाली न्यायचा. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला भोक कुठे होतं ते शोधायला लावायची त्यांना भारी हौस. ते सापडलं नाही की दिवसभर स्वारी खुशीत.

मुलगा जहाजावर नोकरीला. वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे घरात या दोघीच, सासू आणि सून. सून पार्लरमध्ये लोकांची नखं नीट करायची. दोन बायका आणि एक स्वयंपाकघर म्हटल्यावर भांड्याला भांडं लागायचंच. पण मध्यंतरी सून फोनवर हळू बोलायला लागली, आणि कपाटाच्या वरच्या खणात, चादरींच्या मागे, एक पत्र्याचा डबा दिसला. मावशींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नक्की वेगळं बिऱ्हाड करायचा बेत! घरांचे कागद असणार डब्यात, दुसरं काय?

एका दुपारी सून कामावर असताना त्यांनी डबा खाली काढला. झाकण घट्ट बसलेलं. स्वयंपाकघरातून चमचा आणावा एवढाही धीर नव्हता. ज्या नखावर जन्मभर पोट भरलं, तेच झाकणाच्या फटीत घातलं आणि जोर लावला. झाकण निघालं. नखही टोकापासून निम्म्यापर्यंत उभं चिरलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी बाईंचा दुसरा हात डब्यात गेलाच.

घराचा कागद एकही नव्हता. दवाखान्याचे तीन कागद होते आणि एक काळपट, धुरकट फोटो. मावशींचं शिक्षण बेताचं, पण तेवढं कळलं. सून दहा आठवड्यांची गरोदर होती, आणि मग राहिली नव्हती.

त्यांनी तारीख पुन्हा एकदा वाचली. त्याच दिवसांत सून पाठ दुखतेय म्हणून दोन दिवस अंथरुणात पडून होती. आणि मावशी दारात उभं राहून म्हणाल्या होत्या, "आमच्या वेळी बायकांना पाठीच नव्हत्या वाटतं." शेजारणीलाही हे हसत हसत सांगून झालं होतं. आता ते आठवलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी कागद होते तसे, घडीवर घडी, परत ठेवले. हात लागल्याचं कुणाला कळू नये असं ठेवणं हा तर त्यांचा धंदाच.

संध्याकाळी सून आली. अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी तिला लगेच दिसली.

"अहो आई, हे काय केलंत?"

"बादलीची कडी लागली," मावशी म्हणाल्या.

सुनेने चिंधी सोडली, हात दिव्याखाली धरला. "जिव्हाळीपर्यंत गेलंय हो. आणि एक लक्षात ठेवा, नख काही सांधत नाही. ते वाढून बाहेर पडेपर्यंत सांभाळायचं, बस्स. ओढायचं नाही, कुरतडायचं नाही. भांडी मी घासते."

पहिले आठ दिवस नुसती पट्टी. आतली जखम भरल्यावर मग खरी डागडुजी. रविवारी सकाळी सून टॉवेल पसरून बसायची. नख कोरडं करून कानशीने एकाच दिशेने हलकेच घासायची. टी-बॅगचा कागद चिमुकला कापून चिरेवर बसवायची, वर नखांच्या गोंदाचा थेंब. तो वाळला की पुन्हा कानस, पुन्हा थेंब, आणि शेवटी बिनरंगी पॉलिश. मुळाशी तेल चोळायची. पुढच्या रविवारी जुना कागद उतरवून पहिल्यापासून सुरू. वाढलेलं टोक तेवढं छाटून टाकायची, म्हणजे चीर दर आठवड्याला जराशी पुढे सरकायची.

मावशींना हे सोसवेना. शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी दुपटीने परत केल्या असत्या, त्या बाबतीत त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण ही पोर आपला अंगठा मांडीवर घेऊन फुंकर घालते, आणि आपण तिच्या डोक्यावरचा भांग बघत बसतो! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पॉलिश वाळलं तरी ती लगेच हात सोडायची नाही. "आणखी काही दुखतंय का?" असं विचारून थांबायची. मावशी म्हणायच्या, "नाही गं, कुठे काय." पार्लरमधली सवय असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

कामाचेही हाल झाले. पट्टी सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात चिरेत रेशमाचा धागा अडकला आणि एका स्कार्फची वीण ओढली गेली. लाँड्रीवाला म्हणाला, "मावशी, थोडे दिवस आराम करा की." "आराम मेल्यावर," मावशी खेकसल्या. घरी मात्र त्या लोण्यासारख्या मऊ झाल्या. सुनेला आयता चहा मिळू लागला, बाजाराची पिशवी उचलू देईनात. सून एकदा म्हणाली, "आई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

सांगायचं तर रोज मनात होतं. या रविवारी नाही तर पुढच्या. पण डबा उघडल्याचं कबूल केल्याशिवाय दुःख कळल्याचं सांगायचं कसं? आणि ते कळल्यावर ही पोर पुन्हा कधी विश्वास ठेवील? सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वेगळीच होती. त्या रोज सकाळी नख उजेडात धरून बघायच्या आणि मनात म्हणायच्या, चीर बाहेर पडली की सुटले. मग विषयच संपला.

एका रविवारी सुनेने शेवटचा जुना कागद उतरवला, टोक छाटलं आणि म्हणाली, "झालं बघा. संपली चीर. उद्यापासून खुशाल रेशीम घ्या हातात."

मावशींनी अंगठा फिरवून पाहिला. नख कोरं, गुळगुळीत. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण हात टॉवेलवरून उचलवेना. आता हिच्यासमोर हात पुढे करून बसायचं निमित्तही उरलं नव्हतं.

"बादली नव्हती ती," त्या म्हणाल्या. "तुझा डबा होता. मी उघडला. सगळं वाचलं."

सून बाटलीचं झाकण लावत होती. ते लावून झाल्यावर म्हणाली, "माहितीये मला."

"काय?"

"त्याच आठवड्यात कळलं. तुमच्या नखाचा कपचा फोटोवर पडला होता. माझं काम काय आहे आई? नख ओळखत नाही होय मी?"

"मग तेव्हाच माझं थोबाड का नाही फोडलंस?"

"फोडणारच होते. इतका राग आला होता." सुनेने छाटलेले तुकडे टॉवेलवरून गोळा केले. "मग वाटलं, वाचलंय ना, आता विचारतील. यांना तर जहाजावरून फोनवर काही बोलताच येत नाही, नुसते गप्प बसतात. मला तर आईही नाही. म्हटलं, हात धरून बसते, आज नाही तर पुढच्या रविवारी विचारतील, कशी आहेस म्हणून. चौदा रविवार बसले आई."

मावशींनी तिचा हात धरला. त्यांना खूप काही बोलायचं होतं. पाठीबद्दल बोलल्या होत्या ते, शेजारणीला सांगितलं होतं ते. पण रडू आलं आणि त्यातून एवढंच निघालं, "कशी आहेस गं?"

सुनेने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग हात हळूच सोडवून घेतला.

"आता बरी आहे," ती म्हणाली, आणि टॉवेल झटकायला गॅलरीत गेली.