बाजारभावाने आलेली बोट

बोलतेय ती मी, या नदीवरची फेरीबोट. अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडे माणसं, सायकली, गॅसच्या टाक्या आणि कोंबड्यांची खुराडी न्यायची, परत येताना तसलीच गर्दी घेऊन यायचं. पलीकडे दवाखाना नाही, मोठी शाळा नाही. म्हणून माझ्याशिवाय तिथल्या लोकांचं पान हलत नाही.

जन्म मात्र माझा इथला नाही. समुद्रापलीकडच्या एका देशाच्या सरकारने इथल्या सरकारला कर्ज दिलं आणि त्यातून, त्यांच्याच गोदीत, मला बांधलं. अटच तशी होती. माझ्या कुशीवर दोन्ही देशांचे झेंडे रंगवले आणि नाव ठेवलं ‘मैत्री’.

माझा कप्तान पन्नाशीचा. आवाज माझ्या भोंग्यासारखा, मन लोण्यासारखं. त्याची धाकटी बहीण राजधानीत, अर्थखात्याच्या परदेशी कर्ज विभागात मोठ्या हुद्द्यावर. माझा करार तिनेच ठरवला होता. मी पहिल्यांदा धक्क्याला लागले तेव्हा ती मुद्दाम आली होती.

“छोटे, हिच्याआधीची जुनी बोटही परदेशी सरकारनेच दिली होती ना?” कप्तानाने माझं सुकाणू कुरवाळत विचारलं. “तिचं कर्ज कधी फिटलं ते कळलंसुद्धा नाही.”

“दादा, ते नावापुरत्या व्याजाचं होतं. आता आपण गरीब देशांच्या यादीतून वर आलो. आपली परिस्थिती सुधारली म्हणे, म्हणून सवलत बंद. आता सरकारं एकमेकांना देतात तेही बाजारभावाने.”

“परिस्थिती सुधारली? मग मला कसं नाही कोणी सांगितलं?”

दोघंही हसली. मीही इंजिनाची घरघर करून घेतली.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. व्याज बाजाराबरोबर वर-खाली होणारं होतं आणि तेव्हा बाजार निवांत होता. तिकीट परवडायचं. माणसं माझ्या कठड्याला टेकून भांडायची, लग्नं जुळवायची, भाजी निवडायची. एक गोष्ट माझ्या लक्षात आली: काठावर घाईघाईत असलेला माणूस पाण्यावर आला की सैलावतो. तिथे घाई करून काही उपयोग नसतो ना!

मग कुठेतरी दूर, आम्ही कधी न पाहिलेल्या शहरांत, व्याजाचे दर चढले. त्यातच इथलं चलन घसरलं आणि हप्ता तर परदेशी चलनात. तो भागवायला सरकारने तिकीट वाढवलं, पुन्हा वाढवलं. माझ्या बाकांवर ऊन तेवढं बसू लागलं. लोक मच्छीमारांच्या लहान होड्यांतून जाऊ लागले. शिव्या खायला कप्तान होताच.

“मैत्री कसली? व्याजाने आणलेली मैत्री!” धक्क्यावरचा चहावाला म्हणायचा. कप्तान ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण त्या दिवशी त्याचा चहा अर्धाच राहायचा.

धाकटी सुट्टीला आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ होती आणि ती दादाशेजारी उभी होती. पुढे एक होडी काठोकाठ भरून चालली होती. मधल्या धारेत ती एका अंगावर कलली आणि पाहता पाहता उलटली. कप्तानाने माझं इंजिन बंद केलं, माझा पंखा कोणाला लागू नये म्हणून. मी नुसती वाहत वाहत त्यांच्याजवळ गेले. खलाशांनी तरंगती कडी टाकली, दोर टाकले. धाकटी पालथी पडून हात खाली सोडून ओढत होती, एकेकाला.

सगळे वाचले. पलीकडच्या शिवणवाल्या बाईचं मशीन तेवढं तळाशी गेलं. धाकटीनेच तिला वर घेतलं होतं. बाई थरथरत डेकवर बसली, श्वास सावरला आणि पहिलं बोलली ते हे:

“ताई, तिकिटाचे पैसे नाहीत हो आत्ता माझ्याकडे.”

धाकटीने तोंड फिरवलं.

संध्याकाळी मी रिकामी झाल्यावर बहीणभाऊ माझ्या डेकवर बसले. “तू करार केलास आणि शिव्या मी खातो, हे चालेल गं मला,” कप्तान म्हणाला, “पण आज माणसं बुडत होती.”

“करार केला नसता तर बोटच नसती, दादा.”

“ते कळतं मला. म्हणून तर कोणावर चिडावं ते कळत नाही.”

काही महिन्यांनी कर्ज देणाऱ्या सरकारचे साहेब पाहणीला आले. त्यांना ऑफिसात बसवायचं सोडून धाकटीने थेट माझ्यावर आणलं. पूर ओसरत होता, पाणी गढूळ. साहेब उंच, शांत, दुभाष्यामार्फत बोलणारे.

“आम्हीही हा पैसा बाजारातूनच उचललाय,” ते म्हणाले. “व्याज कमी करता येणार नाही. खरं सांगू? आता अशी कर्जं देणंच आम्ही आवरतं घेतोय. हल्ली नवं देतो त्यापेक्षा जुन्याची वसुलीच जास्त होते. तुम्ही मागितलेल्या दुसऱ्या बोटीचं बोलणंही थांबलंय.”

“सवलत मागत नाही, मुदत मागतेय,” धाकटी म्हणाली. “पुरात बोट बंद असते आणि तुमचा हप्ता नेमका तेव्हाच येतो. हप्ता पुरानंतर घ्या, आणि लहान करून जास्त वर्षं घ्या.”

साहेबांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे माणसं भरल्या होड्यांत चढत होती. “लिहून पाठवा,” एवढंच म्हणाले.

तिने पाठवलं. बरीच पत्रापत्री झाली आणि शेवटी मुदत वाढली. तिकीट पहिल्याइतकं नाही, पण परवडेलसं उतरलं. शिवणवाली पुन्हा येऊ लागली, जुनं घेतलेलं मशीन मांडीशी धरून.

“म्हणजे आता एकूण कमी भरायचं ना?” कप्तानाने विचारलं.

“नाही दादा. जास्त वर्षं व्याज, म्हणून एकूण जास्तच.”

कप्तान म्हणाला, “ठीक आहे. गर्दी तर आहे.” आणि त्याने भोंगा वाजवला.

आता मी जुनी झालेय. दुसरी बोट आली नाही, तिच्या वाट्याच्या फेऱ्याही मीच मारते. गोदीतल्या कारागिरांनी माझं जेवढं आयुष्य सांगितलं होतं, त्याच्याही पुढे माझं कर्ज चालणार आहे. म्हणून तुम्हा उतारूंना सांगणं एवढंच: मला वेळेवर ग्रीस द्या, गंज खरवडा, माझ्यावर नको तितकं ओझं चढवू नका. कर्ज फिटेपर्यंत मला टिकायचंय. आणि फिटल्यावर, कोणाचंही देणं नसलेली, फक्त या दोन काठांची म्हणून, एक तरी फेरी मारायची आहे.