भैरूसाठी सावली

मी जांभळी पेन्सिल, चोवीस रंगांच्या डब्यातली. डबा गुलटेकडीच्या दीपमालाचा. खोडरबरावर झाडं, डोंगर, माणसं कोरून ती ठसे बनवते. शाईच्या पॅडवर दाबून ते कागदावर उमटवते, मग चित्र रंगवते. हिरवीला, पिवळीला रोज काम. मी मात्र कोरी. मला केलंय तरी कशासाठी, हेच मला कळेना.

एका दुपारी तिचे सासरे, रंगराव, चित्र बघायला बसले. पस्तीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात हमाली केलेली.

"झाडाची सावली कुठंय?"

"आबा, झाड हिरवं केलंय की."

"बिनसावलीचं झाड काय कामाचं? हमालाला विचार."

त्यांनी खिडकीत कांदा ठेवला. उजेडाकडची बाजू चकाकत होती, पलीकडची गडद होती. मागे सावली पसरलेली.

"काळी दिसती का?"

दीपमालानं डोळे बारीक केले. "नाही हो... जांभळट आहे."

आणि तिनं मला उचललं!

झाडाच्या एका अंगाला हिरव्यावरून मी हलकेच फिरले, तर चपटं झाड गोल झालं. जमिनीवर खोडाशी दाट, पुढे विरळ होत गेले. गंमत म्हणजे सावली मी काढली आणि ऊन कडक दिसायला लागलं.

मग रंगरावांनी एक चित्र मागितलं. त्यांचा जोडीदार भैरू वैशाखात ट्रकची वाट बघत उन्हात बसला होता, तिथंच कोसळला, तो उठलाच नाही. चित्र त्याच्या बायकोला, सुंदराबाईंना द्यायचं होतं. जुन्या फोटोवरून दीपमालानं उकिडवा बसलेला भैरू कोरला. आधी झाड उमटवलं, त्याच्या उजवीकडे भैरू. मग सूर्याचा ठसा नेहमीसारखा उजव्या कोपऱ्याकडे नेला.

"थांब!" रंगराव ओरडले. "सावली डावीकडं पडंल. भैरू पुन्हा उन्हातच ऱ्हाईल."

शाई वाळली होती. भैरूला हलवता येत नव्हतं. दीपमालानं हातातला ठसा कागदावरून पलीकडे नेला. मग तिनं सूर्य डावीकडे उमटवला.

मी खोडापासून निघाले. भैरूच्या गुडघ्यांवरून, खांद्यांवरून, पटक्यावरून गेले. चेहऱ्यावर अगदी हलक्या हातानं.

चित्र न्यायला आलेल्या सुंदराबाईंनी त्यावर बोट टेकवलं. "बरं केलंत," त्या म्हणाल्या, "सावलीला बसवलंत."

आता मी पेराएवढी उरलेय. दीपमालाला चिमटीतही धरता येत नाही. पण एक प्रश्न सुटत नाही. सुंदराबाईंच्या भिंतीवर दुपारचं खरं ऊन येतं म्हणे. तेव्हा ती सावली कशी दिसत असेल? कधी तिकडे गेलात, तर बघून मला सांगाल?