'येतो' म्हटलं का?

नाचणगावचा टिकाराम वांगी उत्तम पिकवायचा, मेथी त्याहून उत्तम, आणि पुलगावच्या बाजारात त्याच्या टोपलीपुढे बायकांची झुंबड उडायची. म्हणजे तो बाजारात पोचला असेल त्या दिवशी. पुष्कळदा तो पोचायचाच नाही. बाजारात जायचं तर आधी घरून निघावं लागतं, आणि निघणं हेच त्याला जमत नसे.

पायात काही खोट नव्हती. खोट होती ती एका शब्दात. घरातून निघताना माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. टिकारामही म्हणायचा. 'येतो' म्हणायचा, टोपली डोक्यावर घ्यायचा, कडुनिंबापर्यंत जायचा, आणि तिथे त्याच्या डोक्यात कोणीतरी अगदी सभ्यपणे विचारायचं, "नक्की?"

'येतो' म्हटलं की 'जातो'? 'जातो' म्हटलं असेल तर माय गेली. चुलीपुढे आडवी झाली असेल. की टोपलीसकट टिकाराम परत. माय, म्हणजे धुरपता, भाकरी थापत बसलेली असायची, ठणठणीत.

"माय, मी येतो म्हन्लं ना?"

"येतो म्हन्लं रे बापा. जाय आता."

"जाय नोको म्हनू वं! ये म्हन!"

"ये!"

पुन्हा कडुनिंब. पुन्हा "नक्की?" परत येण्यातली गोम अशी, की परत आलेल्या माणसाला परत निघावं लागतं, आणि निघताना परत काहीतरी म्हणावं लागतं. मेथी डोक्यावरच सुकायची.

हे सगळं खुळं आहे हे टिकारामला पक्कं ठाऊक होतं. नुसत्या बोलण्याने माणसं मरत असती तर गावात सगळ्यात आधी पटवारी गेला असता. पण ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नव्हता. शिंकून झालं की नाक मोकळं होतं. इथे शिंक नाकातच राहून जायची.

धुरपताने अंगारा लावला, दंडाला धागा बांधला. शेवटी वैद्याकडे नेलं. काढा बरा होता म्हणतात, पण वैद्याच्या घरून निघता निघता टिकारामला दिवे लागायची वेळ झाली. वैद्याने फी परत केली, वर हात जोडले आणि म्हणाला, "आता येऊ नोको." हे तर फारच झालं. 'येऊ नको' म्हणजे 'जा' असं होतं का, हे विचारायला टिकाराम परत गेला.

त्याच सुमारास अख्खा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. "एवढा जिल्हा गेला," बापूमामा म्हणाला, "कोनाले 'येतो' म्हन्लं नाई. मध्य प्रदेशाले काही झालं काय?"

टिकारामने विचार केला. "नक्की नाई झालं?"

बापूराव हा त्याचा सख्खा मामा, पुलगावचा. भाच्याचं लग्न जमवून द्यायचं असा त्याने विडा उचलला होता. याआधी दोन घरं हातची गेली होती. एका घरच्या मंडळींनी टिकाराम परत येताना दिसला की दार लावून घ्यायला सुरुवात केली होती, आणि दार लावून घेणारे सासरे मामालाही पसंत नव्हते. आता वडनेरच्या दौलतरावची पोरगी होती, गोपिका.

"हे घर गेलं तं मी काही पुन्हा हिंडणार नाई," मामाने हिंगणघाटच्या पुढे मोटरीत बजावलं. "म्हनून ऐक. निघताना तू तोंडच उघडू नोको. दोघांचं मीच म्हनतो."

तोड झकास होती. त्याच्याकडे म्हणायलाच काही नसेल, तर शंका कसली?

माघातली ऊबदार दुपार. ओसरीत सुतळीच्या बाजेवर दौलतराव, खाली सतरंजीवर पाहुणे, आणि आलूपोह्यांची ताटली घेऊन गोपिका. मामाने रीतसर विचारलं, सैपाक येतो काय. ती म्हणाली, येतो. मग तिनेच टिकारामला विचारलं, "वांग्याले कीड लागली तं काय करता जी?"

"आधी वांग्याची माफी मांगतो," टिकाराम म्हणाला. का म्हणाला हे त्यालाही कळलं नाही. पण गोपिका अशी खुदकन हसली की ताटलीतले पोहे सतरंजीवर आले. त्या घडीला टिकारामचं ठरलं: लगीन हिच्याशी. आणि त्याच घडीला आठवलं, की आता या घरातून निघायचं आहे.

मामाने ठरल्याप्रमाणे हात जोडले. पण मामाच्या तोंडात तंबाखूचा बार होता. ऐकू आलं ते असं: "बरं मंग दौलतराव, आम्ही म्म्मतो."

चिंचेच्या झाडापर्यंत टिकारामने दम धरला. "मामा, तुम्ही काय म्हन्ले?"

मामा पचकन थुंकला. "आठवत नाई बा."

टिकाराम परत.

"काय राह्यलं जी?" दौलतराव उठून बसले.

"छत्री," टिकाराम म्हणाला.

माघात छत्री. पण दौलतराव भला माणूस. त्यांनी ओसरी पाहिली, कोठी पाहिली, धान्याच्या कणगीतही हात घातला. "नाई दिसत बा."

"असू द्या. येतो!" टिकाराम एवढ्या जोराने म्हणाला की कोंबड्या पळाल्या. पण शब्द फार मोठ्याने म्हटला की फुटतो. चिंचेखाली त्याला वाटलं, आपण म्हटलं ते 'येतो'पेक्षा नुसतंच 'ओ' होतं.

पुन्हा परत आलेल्या पाहुण्याकडे दौलतरावांनी जरा निरखून पाहिलं. मुलगा दारात उभा आहे, काही बोलत नाही, तोंडावर घाम आहे. लेकीच्या बापाला याचा एकच अर्थ माहीत असतो.

"समजलं जी," ते म्हणाले. "पितळी घागर देतो."

"घागर नोको जी. येतो."

घागर नको म्हणून गेलेला माणूस थोड्या वेळात पुन्हा दारात उभा.

"सायकल," दौलतराव म्हणाले.

चिंचेखाली मामा आतापर्यंत कपाळ बडवत होता. सायकलीचं ऐकलं आणि त्याचा हात कपाळावरच थांबला. त्याने उन्हाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "मोटरले टाइम हाये अजून," तो मायेने म्हणाला. "तुले शंका असन तं जाऊन ये बापा. मनात ठेवू नोको."

या खेपेला दौलतराव बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिले. "गाय," ते म्हणाले. गायीनेही वळून टिकारामकडे पाहिलं.

तिची नजर सहन न होऊन तो फाटकाकडे निघाला, तर गोठ्याच्या आडून गोपिका पुढे आली. हातात बादली.

"काय जी, आता गोठा नेता काय? का बाबाची बाज बी पाह्यजे?"

"मले काही नोको वं," टिकाराम रडकुंडीला आला. "गाय नोको, सायकल नोको."

"मंग काऊन परत परत येऊन राह्यले?"

टिकारामने सांगून टाकलं. कडुनिंब, माय, वैद्य, 'म्म्मतो', सगळं. गोपिका आधी हसली. मग त्याचं तोंड पाहून थांबली आणि बादली खाली ठेवली.

"म्हंजे तुम्ही 'जातो' म्हन्लं असन, तं माह्ये बाबा मरतीन?"

"हाव."

"माही माय?"

"त्याबी."

"गाय?"

गायीचा विचार टिकारामने केलेला नव्हता. तो आता केला. "गायबी," तो घाबरून म्हणाला.

"तुमची माय सांगते, तवा बरं वाटते?"

"वाटते ना. कडुनिंबापर्यंत."

"आन् मी सांगितलं तं?"

टिकारामने प्रामाणिकपणे अंदाज घेतला. "तुमचं सांगनं मोटरीपर्यंत पुरन."

आयुष्यात कोणत्याही पोरीला तो इतकं गोड बोलला नव्हता. गोपिकालाही ते कळलं असावं, कारण तिने पदर सारखा केला.

"मंग मी नाई सांगत," ती म्हणाली. "दारामागंच उभी होती मी. तुमचं सगळं ऐकलं, पन सांगनार नाई. तुमच्या डोक्यात तो जो 'नक्की, नक्की' करते ना, त्याले तुम्ही हरघडी चहा पाजून राह्यले. तो कायले उठन?"

"मंग काय करू?"

"बसू द्या त्याले तसाच. आन् तुम्ही 'जातो' म्हना आन् जा."

दूर रस्त्यावर मोटरीचा भोंगा वाजला. चिंचेखालून मामा ओरडला. ओसरीत दौलतराव बाजेवर बसून, आता बैलजोडी जाणार अशा तोंडाने त्याच्याकडे बघत होते. टिकारामने डोळे मिटले.

"घागर नोको. सायकल नोको. गाय तं नोकोच. पोरगी पसंत हाये," तो म्हणाला. "जातो!"

कट्ट! बाजेची सुतळी तुटली. दौलतराव मधल्यामध्ये घडी होऊन दिसेनासे झाले. वर राहिले दोन तळपाय.

टिकाराम हलला नाही. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते हेच. फक्त ते इतक्या लवकर होत असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग तळपायांमधून आवाज आला. "अबे पाहत काय राह्यले! वढा ना मले!"

टिकारामने सासऱ्यांना बाजेतून उपटलं आणि गच्च मिठी मारली. "जिवंत हाये! मामा, जिवंत हाये!"

"मले काय धाड भरली होती?" दौलतराव ओरडले. आपण मेलेलो होतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "सोडा! असल्या येड्याले पोरगी देऊ मी? नाई देत!"

"बाबा," गोपिका गोठ्यातून म्हणाली, "देऊ केलेलं सोडून जानारा जवाई पाह्यला काय तुम्ही कधी?"

दौलतरावांनी धूळ झटकली. "गाय राहते?"

"राहते जी."

"सायकल?"

"मले चालवताच येत नाई."

दौलतरावांनी गायीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, तुटक्या बाजेकडे पाहिलं. "मंग हाव," ते म्हणाले.

मोटर थांबली होती. आता पुन्हा निघायचं. टिकारामने हात जोडले, तोंड उघडलं, आणि नेमका त्याच क्षणी ड्रायव्हरने भोंगा दाबला. आपण काय म्हटलं ते टिकारामला स्वतःलाच ऐकू आलं नाही. त्याने गोपिकाकडे पाहिलं. तिने बादली उचलली आणि ती आत गेली.

चिंचेखाली पाय जमिनीत रुतले. पाठीमागून घर ओढत होतं, मामा पुढून ओढत होता. टिकाराम मोटरीत बसला. मोटर हलली. भाच्याची दशा पाहून मामाला दया आली.

"अरे, तू म्हन्ला ना, मी सोता आयकलं, तू—"

"नोका सांगू!" टिकाराम असा किंचाळला की कंडक्टरने घंटी मारून मोटर थांबवली.

"उतराचं हाये काय?"

"नाई जी."

"नक्की?"

सगळी मोटर टिकारामकडे बघत होती.

"नक्की नाई," टिकाराम म्हणाला. "पन चालू द्या."

हिंगणघाटपर्यंत दौलतराव त्याच्या डोक्यात कितीतरी प्रकारांनी मेले. टिकाराम उतरला नाही. हिंगणघाटला मात्र त्याला कडकडून भूक लागली, आणि दौलतराव मरायचे थोडे कमी झाले.

लग्न वैशाखात झालं. टिकाराम काही लग्नाने बरा झाला नाही. कडुनिंब होता तिथेच होता. फक्त गोपिकाने घरात कायदा केला. परत यायचं तर या, घर तुमचंच आहे, पण विचारलेल्याचं उत्तर मिळणार नाही. धुरपतालाही तंबी होती. सवयीने ती "म्हन्लं रे" म्हणायला गेली की सून तिच्या तोंडात गुळाचा खडा घालायची. आणि परत आलाच आहात, तर विहिरीवरून दोन घागरी आणून रांजणात ओता. पहिल्या उन्हाळ्यात नाचणगावात सगळ्यांचे रांजण तळाला गेले, पण टिकारामच्या घरचा रांजण दारापर्यंत वाहत होता, आणि शेजारणी विचारत, काय वं, तुह्या नवऱ्याले आज कामधंदा नाई काय?

पुढच्या उन्हाळ्यात एकदा टिकाराम बाजारातून रिकामी टोपली घेऊन आला, तर गोपिका कमरेवर हात ठेवून दारातच उभी. रांजण कोरडा ठाक.

"चार दिवस झाले," ती कडाडली, "एकडाव बी परत नाई आले तुम्ही. पानी का मी भराचं?"