लांब पाकीट

"यात काय निघालंय, तेवढं सांगा ना, ताई."

आजोबांनी पाकीट कानाशी नेऊन हलवून पाहिलं. लॅबच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"आम्हाला सांगायची परवानगी नाही हो. डॉक्टरांना दाखवा."

"अहो, 'बरं आहे' एवढं जरी म्हणालात तर जिना उतरायला बळ येईल."

बाईंनी मागे वळून पाहिलं. डॉक्टर आत होते. "एकच पान आहे," त्या हळूच म्हणाल्या. "सावकाश उतरा."

आजोबांना त्यातून काही कळलं नाही. कळणार कसं? ती लॅबच्या आतली गोष्ट होती. इथं गाठीचा तुकडा तपासायला येई. त्यात वाईट काही सापडलं नाही, तर अहवाल एका पानात आटपे. ते ए-फोर पान तीन पदरी दुमडून लांब पांढऱ्या पाकिटात जाई. त्या पाकिटांच्या खोक्यावर डीएल अशी अक्षरं छापलेली असत. जगात कुठंही जा, ए-फोरची तीन पदरी घडी त्यात बसतेच. माणसांची मापं जुळोत न जुळोत, कागदांची जुळवून ठेवलेली आहेत.

वाईट सापडलं तर मात्र पानं वाढत. सोबत तपासलेल्या तुकड्याच्या काचेच्या पट्ट्या द्याव्या लागत, आणि मोठ्या हॉस्पिटलला कागद सपाट लागे, घडी पडलेला चालत नसे. म्हणून मग मोठं खाकी पाकीट. ते देताना बाई पेशंटच्या तोंडाकडे बघत नसत. मोठं पाकीट मिळालं म्हणून खूश होणारीही माणसं त्यांनी पाहिली होती. बिचाऱ्यांना वाटे, भरपूर तपासलंय, पैसे वसूल झाले.

घडी घालण्यात बाईंचा हात कोणी धरू शकत नसे. खालचा पदर वर, वरचा मागे, आणि पाकिटाच्या पारदर्शक खिडकीत बरोब्बर पेशंटचं नाव. नाव दिसलं पाहिजे, त्याखालचं वय दिसता कामा नये. एका बाईसाहेबांनी वयावरून लॅब डोक्यावर घेतली होती, तेव्हापासूनचा हा नियम. टायपिस्टला मात्र तो कधी जमला नाही. अहवाल टाइप करून पाकिटात घालायचं काम त्याचं, आणि घड्या अशा की नावाऐवजी कधी नुसता पत्ता दिसे. बाई त्या पुन्हा घालत आणि त्याच्यावर रोज करवादत. "तुमच्या घरी चादरींचं काय होत असेल, देव जाणे!" तोही मग तोंडाला कुलूप लावून बसे. अशी त्यांची किती वर्षं गेली होती.

आज संध्याकाळच्या ट्रेमध्ये बाईंचंही पाकीट यायचं होतं.

अंघोळ करताना गाठ हाताला लागली, तेव्हा त्यांनी लॅबबाहेर कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कुणाला? आई-वडिलांच्या मागे धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं, आणि त्या नादात स्वतःचं राहून गेलं. तो दुसऱ्या शहरात सुखात होता. बाईंना त्याचा अभिमान होता, आणि त्याचा फोन आला नाही की राग यायचा.

आज त्याचा फोन नेमका दुपारी आला.

"ताई, बिझी आहेस का गं?"

"नाही रे, बोल." बाईंनी डबा बाजूला सरकवला. आता सांगावं, असं मनात आलं.

"आम्ही महिनाभर फिरायला चाललोय. परवाच निघतोय. घर एकटं ठेवायचं म्हणजे हिच्या जिवाला घोर. कुंड्या आहेत, मांजर आहे. येऊन राहतेस का?"

"महिनाभर?"

"तुला काय गं, ना आगा ना पिछा! बॅग भरायची नि निघायचं. आमच्यासारखी हजार व्यवधानं थोडीच आहेत तुला?" तो हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. वहिनीनं मागून काहीतरी विचारलं, तसा तो म्हणाला, "ताई, उद्या सांग हं नक्की," आणि फोन ठेवला.

बाईंनी डबा पुन्हा पुढे ओढला आणि तसाच बंद केला.

संध्याकाळी टायपिस्ट ट्रे घेऊन आला. तो त्यांच्यापुढे ठेवून आपल्या टेबलाकडे वळला. सगळ्यात वर लांब पांढरं पाकीट होतं. खिडकीत बाईंचं नाव होतं, आणि अगदी बरोब्बर बसलं होतं. वय दिसत नव्हतं.

बाईंच्या जिवात जीव आला. लांब पाकीट! त्यांना एकदम भूक लागल्यासारखं झालं. भावाकडे जावं, त्या मांजराचे लाड करावेत, असंही वाटून गेलं. त्यांनी पाकीट उचललं.

ते जाड होतं. पोट फुगलेलं, झाकण पुरतं बसत नव्हतं, म्हणून वरून चिकटपट्टी मारलेली.

बाईंनी चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "किती पानं आहेत?"

टायपिस्ट पाठ करून की-बोर्ड पुसत होता. "फोटोंसकट दहा."

"लांब पाकिटात दहा जात नाहीत."

"गेली ना."

"आणि काचा?"

"माझ्या खणात आहेत." तो वळला. त्याचे डोळे लाल होते. "मला मोठं पाकीट काढवेना हो. म्हटलं, लांब पाकीट बघून उघडणार नाही, आजची एक रात्र तरी नीट झोपाल. घडी चार वेळा घातली. चुकली की पुन्हा प्रिंट काढायचो."

बाईंना त्याचा भयंकर राग आला. तेवढ्या चार क्षणांसाठी त्यानं त्यांना वर उचललं होतं आणि तिथून सोडलं होतं. आणि त्याच वेळी, आपल्यासाठी कुणीतरी इतकी धडपड केली, हेही त्यांच्या मनात शिरलं, आणि ते रागाहूनही सोसायला जड होतं.

"ते लोक घडीचा कागद घेत नाहीत," त्या म्हणाल्या. "पुन्हा काढून द्या."

त्यानं नवी पानं काढली. बाईंनी ती हातानं सारखी केली, काचांची डबी मागून घेतली आणि सगळं मोठ्या खाकी पाकिटात घातलं. वर आपलं नाव आपल्याच अक्षरात लिहिलं.

"भावाला कळवा," टायपिस्ट म्हणाला.

"तो फिरायला निघालाय. फार दिवसांनी निघालाय बिचारा."

"मग उद्या मी येतो हॉस्पिटलात."

"आणि टायपिंग कोण करणार? तुमचा काका?" बाई म्हणाल्या. त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

पाकीट नेणाऱ्यानं सही करायची, असा नियम होता. बाईंनी वही ओढली. वर कुणाच्या मुलाची सही होती, कुणाच्या नवऱ्याची, कुणाच्या जावयाची. त्याखाली त्यांनी सही केली. शेवटचा रकाना 'रुग्णाशी नातं' असा होता. तिथं पेन जरासं थांबलं.

मग त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'स्वतः'.