आत्याबाईचा दुसरा धक्का

आत्याबाईला मोडीत काढावं म्हणून मी अकरा पानांचा अहवाल लिहिला होता. आत्याबाई म्हणजे आमच्या अग्निशमन केंद्राचा पाण्याचा टँकर. वय एकतीस, पोटात आठ हजार लिटर पाणी, आणि निघण्याआधी कुरकुर केल्याशिवाय जागची हलायची नाही. सरासरी चौथ्या किल्लीला इंजिन सुरू व्हायचं. टाकीच्या बुडातून मिनिटाला साडेतीन लिटर गळती. ही मी गाडीखाली आडवी पडून, बादली आणि घड्याळ घेऊन, तीन दिवस मोजली होती. भौतिकशास्त्राच्या पदवीचा एवढा ओला उपयोग आमच्या वर्गात दुसऱ्या कुणी केला नसेल.

तिचा ड्रायव्हर माझा मामा. तो महिनाअखेर निवृत्त होणार होता, आणि एक तारखेपासून त्याची जागा घेणार होती त्याचीच मुलगी, माझी ताई. तपासणीत आत्याबाई नापास झाली तर नवा टँकर मिळणार. पास झाली तर तो दुसऱ्या केंद्राला जाणार. मामीने जेवताना मला बजावलं होतं, "तुझे कागद तुला लखलाभ. पण माझी पोर त्या डब्यात बसता कामा नये."

तपासणीच्या सकाळी मी आवारात आले आणि थबकले. आत्याबाई चमकत होती. मी खाली वाकून पाहिलं तर जमीन कोरडी ठणठणीत.

"गळती कुठं गेली?" मी विचारलं.

आमचा वेल्डर, ज्याला सगळे डिंक म्हणतात, लाजला. "काल संध्याकाळी जरा डाग मारला. पाहुणे यायचे म्हणजे घर आवरायला नको?"

"काका, ती गळकीच हवी होती!"

"हो का?" म्हणत त्याने मान खाजवली.

मग एकेकाचं बाहेर पडलं. केंद्रप्रमुखांनी स्वतः दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. मामाने नवी बॅटरी बसवून फिल्टर बदलले होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तपासणी म्हटली की हात आपोआप फडक्याकडे जातात. का तपासणी, हे विचारण्याआधीच पितळ लख्ख झालेलं असतं.

"बाबा, तुम्ही तरी?" ताई म्हणाली.

"अगं, चारचौघांत ती खोकत उभी राहिली असती तर बरं दिसलं असतं का?"

तेवढ्यात तपासणी अधिकारी आले. पांढराशुभ्र शर्ट, कानावर पेन्सिल. ते गाडीखाली शिरले आणि तितक्याच पांढऱ्या शर्टाने बाहेर आले. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. टाकी काठोकाठ भरून मामाने त्यांना गावभर फिरवून आणलं.

"लोणी आहे लोणी," ते उतरत म्हणाले. "पाच वर्षं बघायला नको."

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! प्रमुखांनी तर शिट्टीसुद्धा मारली. मग सगळ्यांना एकदम आठवलं आणि हात हवेतच राहिले.

"वाजवा, वाजवा," ताई म्हणाली. "त्यात मीच बसणार आहे."

माझ्या डोक्यात अहवालाचं नववं पान फडफडत होतं. टँकरच्या टाकीत पाण्याने हेलकावू नये म्हणून आडव्या पत्र्याच्या भिंती असतात. आत्याबाईच्या तिन्ही भिंती गंजून पडल्या होत्या. पण टाकी काठोकाठ भरली की पाण्याला हलायला जागाच नसते. आगीवरून परतताना ती निम्मी असते, आणि तेव्हा ब्रेक मारला की गाडी थांबते, पाणी थांबत नाही. पावणेदोन सेकंदांनी ते टाकीच्या पुढच्या भिंतीवर आदळतं.

"साहेब, निम्मं पाणी काढून एक फेरी मारू या?"

"नियमात भरलेल्या टाकीची फेरी आहे."

"पण निम्म्या टाकीची मारू नये, असं कुठं आहे?"

त्यांनी नियम उलटून पाहिला, मागची बाजूही पाहिली. तिथे काही नव्हतं.

आम्ही निम्मं पाणी हौदात सोडलं. मामाने आम्हा सगळ्यांना बसवून फेरी मारली, ब्रेक लावला. आत्याबाई झोपलेल्या बाळासारखी थांबली. काही म्हणजे काही झालं नाही! मी मामाच्या पायाकडे पाहिलं तेव्हा कळलं. तो एकदा ब्रेक दाबत होता, सैल सोडत होता, आणि पाणी पोचायच्या क्षणी पुन्हा दाबत होता. एकदा गाडीसाठी, एकदा पाण्यासाठी.

"मामा, तू दोनदा ब्रेक मारतोस."

"छट्."

"बाबा, किल्ली द्या," ताई म्हणाली. "मी चालवते."

मामाने किल्ली काढली. तिच्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, आणि मूठ मिटली. बारा वर्षं ज्या गाडीची लाज राखली, तिच्याबद्दल आता बोलायचं होतं. त्याला ते जमेना. तो वळला आणि किल्ली साहेबांच्या हातावर ठेवली.

"तुम्हीच चालवा, साहेब. अवजड गाडीचा परवाना असेलच."

"अर्थात!" साहेब हरखले.

आम्ही सगळे मागच्या बाकावर दाटीवाटीने बसलो. आवारात ताशी पंधराच्या वेगाने साहेबांनी एक झोकदार वळण घेतलं आणि गणवेश वाळत घातलेल्या दोरीच्या दोन हात अलीकडे ब्रेक लावला. आत्याबाई थांबली. साहेब विजयी मुद्रेने मागे वळले.

"बघितलंत? तुम्ही वाकून का..."

पाणी आलं.

आत्याबाईने उडी मारली. साहेबांची पेन्सिल कानावरून सुटून खिडकीबाहेर गेली. पाणी मागे गेलं, पुन्हा आलं, तिने दुसरी उडी मारली आणि दोरीत तोंड खुपसलं. काचेवर प्रमुखांची पँट पसरली, दोन्ही पाय फाकून. गाडीखाली काहीतरी टणकन वाजलं आणि झुळझुळ आवाज सुरू झाला.

"माझा डाग," डिंक हळूच म्हणाला.

ताईला हसू फुटलं, मग मला, आणि प्रमुख "माझी पँट, माझी पँट" करत इतके हसले की त्यांना उचकी लागली. साहेब दोन्ही हातांनी चाक धरून बसले होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून मी पुढे वाकले, तर ते डोळे पुसत पुसत हसत होते.

"हे असं किती वर्षं?"

"बारा," मामा म्हणाला.

"आणि बोलला नाहीत?"

"पायाला ठाऊक होतं, साहेब. तोंडापर्यंत कधी आलंच नाही." त्याने ताईकडे पाहिलं. "पण माझा पाय काही मुलीला देता येत नाही."

साहेबांनी माझं पेन आणि अहवाल मागून घेतला आणि नवव्या पानावर मोठ्या अक्षरात 'मोडीत' लिहिलं. खाली सही केली. ती दोनदा केली. पहिली हसण्यात वाकडी गेली होती.

मामाच्या शेवटच्या आठवड्यात नवा टँकर आला. ताईने निम्मी टाकी भरली, मामाला शेजारी बसवलं, आम्ही मागे. आवाराच्या टोकाला तिने ब्रेक लावला. टँकर थांबला.

आम्ही सगळे पुढे वाकून वाट पाहत राहिलो. मामाने उजवा पाय रिकाम्या जमिनीवर दोनदा दाबला.

"खाली काही सांडलंय का सगळ्यांचं?" ताईने आरशातून विचारलं.

मामाने पाय उचलला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "थांबली," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"पुन्हा एकदा थांबव बघू."

तिने थांबवली. मी मोजत होते. अकरा वेळा थांबवली, आणि बाराव्या वेळी आमच्यापैकी कुणीच वाकलं नाही.